वर्ध्याची शाळा आणि आपलीं मुलें

वर्ध्याचें नांव निघालें कीं बहुतेकांस सेवाग्राम आठवतें, महात्माजींची कुटी आठवते. प्रवासी मंडळीस आगगाडीचें जंक्शन आठवतें. ह्याच वर्ध्यानें एके काळीं साऱ्या हिंदुस्थानास शाळा कशी असावी ह्याचा एक आराखडा दिला, 'वर्धा-योजना' ह्या नांवानें त्याची काश्मीरपासून मद्रासपर्यंत चर्चा झाली, आणि जेथें तो जन्मला त्याच जिल्ह्यांतील सुशिक्षित घरांच्या दारावरून तो तसाच पुढें निघून गेला, ही हकीकत मात्र आपल्या घरांतून फारशी बोलली जात नाहीं. ती आज सांगण्यास निमित्त अगदीं घरगुती घडलें आहे.

आमचें घर वर्धा शहरांतलें, एकत्र कुटुंबाचें. धाकट्या पुतण्याची मुलगी पांच वर्षें पुरीं करून सहाव्यांत पडली. तिला कोणत्या शाळेंत घालावें ह्याविषयीं गेल्या उन्हाळ्यांत घरांत जो वाद माजला, त्यांत तीन पिढ्यांनीं भाग घेतला. तिची आई म्हणे, आळींतलीं सारीं मुलें पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेंत जातात, आमचीच पोर मागें कां राहावी? थोरल्या वहिनींचें म्हणणें, पहिलीं चार वर्षें तरी मातृभाषेंत जाऊं द्या. आणि आमचे थोरले बंधु, जे निवृत्त झाल्यापासून प्रत्येक प्रश्नास इतिहास जोडल्यावांचून राहत नाहींत, ते म्हणाले कीं, ह्या वादाचा निकाल ह्याच गांवीं १९३७ सालीं लागला होता. आपण तो मानला नाहीं, एवढेंच! वाद तेवढ्यावर मिटला नाहीं हें सांगणें नकोच. आम्हांस मात्र थोडी लाज वाटली. सेवाग्राम आमच्या घरापासून आठ किलोमीटरांच्या आंतबाहेर. पाहुणे आले कीं त्यांस कुटी दाखवून आणावी आणि जेवणाच्या वेळेला परतावें, हा आमचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. तेथील शाळा आम्हीं कधीं पाहिलीच नव्हती.

वर्धा जिल्हा हा मूळचा नागपूर जिल्ह्याचा भाग. १८६२ सालीं तो वेगळा काढण्यांत आला, आणि १८६६ सालीं पालकवाडी नांवाच्या खेड्याच्या जागीं वर्धा शहर वसविण्यांत आलें. तेव्हां वर्धा, आर्वी आणि हिंगणघाट असे तीनच तालुके होते; आज देवळी, सेलू, आष्टी, कारंजा आणि समुद्रपूर धरून आठ झाले आहेत. जमीन काळी, पीक कापसाचें. हिंगणघाटचा बनी कापूस विलायतेच्या बाजारांत नांवाजलेला होता. खेड्यांतील शाळा जिल्हा कौन्सिल चालवी, शहरांतील म्युनिसिपालिटी. चार इयत्ता, एक मास्तर, पाटी, उजळणी आणि वेताची छडी, एवढें त्या शाळेचें भांडवल. पहिलींत बसलेल्या मुलांपैकीं चौथीपर्यंत पोंचणारीं थोडीं, आणि जीं पोंचत त्यांतलीं कित्येक पुढें शेतावर गेलीं म्हणजे चार-पांच वर्षांत अक्षरहि विसरत. १९२९ च्या हार्टॉग समितीनें ह्या गळतीवर नेमकें बोट ठेविलें होतें. सरकारचा पैसा खर्च होत होता, मास्तर राबत होते, आणि गांव जेथल्या तेथें होतें.

अशा स्थितींत १९३७ च्या उन्हाळ्यानंतर प्रांतोप्रांतीं कांग्रेसचीं मंत्रिमंडळें अधिकारावर आलीं. त्यांच्यापुढें दोन वचनें एकाच वेळीं उभीं राहिलीं: दारूबंदी करावयाची आणि शिक्षण सार्वत्रिक करावयाचें. अडचण अशी कीं, शाळांचा खर्च पुष्कळ अंशीं दारूच्याच उत्पन्नावर चाले. मुलांस शिकवावयाचें तर त्यांच्या बापांनीं दारू प्यावी, असा हा विचित्र हिशेब होता. गांधीजींनीं ३१ जुलै १९३७ च्या 'हरिजन' मध्यें त्यावर आपला उपाय मांडला. मुलास आरंभापासून एखादा उपयुक्त हस्तोद्योग शास्त्रशुद्ध रीतीनें शिकवावा, त्याच्याच आधारें सारें शिक्षण द्यावें, आणि त्या उद्योगाच्या उत्पन्नांतून शाळेनें आपल्या खर्चाचा भार उचलावा. देशांतील शिक्षणपंडितांत खळबळ उडाली.

त्याच सालच्या आक्टोबरच्या २२ व २३ तारखांस मारवाडी शिक्षण मंडळाच्या रौप्यमहोत्सवाचें निमित्त साधून वर्ध्यास शिक्षणपरिषद भरली. मंडळाचे आधारस्तंभ जमनालाल बजाज. परिषदेच्या खटपटींत श्रीमन्नारायण अग्रवाल हे पुढें. अध्यक्षस्थानीं स्वतः गांधीजी. दिल्लीच्या जामिया मिलियाचे डॉ. झाकिर हुसेन आले होते, मुंबईचे अर्थशास्त्रज्ञ प्रो. के. टी. शहा आले होते. विनोबा, काका कालेलकर आणि कांग्रेस-प्रांतांचे शिक्षणमंत्री होतेच. ज्यांस वाटतें कीं महात्माजींसमोर सारे माना डोलवीत, त्यांनीं ह्या परिषदेची हकीकत अवश्य वाचावी. प्रो. शहांनीं उघड विरोध केला: शाळांतून माल निघूं लागला तर गांवच्या कारागिराच्या पोटावर पाय येईल, असें त्यांचें म्हणणें. झाकिर हुसेन ह्यांनीं तर अधिक खोल जाऊन इशारा दिला. उत्पन्नावरच नजर ठेवली तर शिक्षक गरीब मुलांच्या श्रमावर जगणारा मुकादम बनेल, आणि मग टकळी पुस्तकापेक्षांहि वाईट ठरेल, असा त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ होता. गांधीजींनीं त्याच झाकिर हुसेनांस पुढें समितीचें अध्यक्ष नेमविलें!

ठराव चारच झाले. सात वर्षांचें मोफत व सक्तीचें शिक्षण साऱ्या देशांत द्यावें. माध्यम मातृभाषा असावें. सारें शिक्षण एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोंवतीं गुंफावें. आणि ह्या पद्धतींतून हळूहळू शिक्षकाचा पगार निघावा. झाकिर हुसेन समितींत विनोबा, कालेलकर, किशोरलाल मश्रुवाला, कुमारप्पा, कृष्णदास जाजू अशीं वर्ध्याशीं निगडित माणसें होतीं. निमंत्रक होते आर्यनायकम्. २ डिसेंबर १९३७ रोजीं, म्हणजे सहा आठवड्यांच्या आंत, समितीनें आपला अहवाल दिला. आजच्या समित्यांस हा वेग ऐकून घेरी यावी. अहवालांतील दिनक्रम पाहण्यासारखा आहे. शाळा साडेपांच तासांची. त्यांपैकीं मूलोद्योगास ३ तास २० मिनिटें. संगीत, चित्रकला व गणित मिळून ४० मिनिटें. मातृभाषेस ४० मिनिटें. समाजशास्त्र व सामान्य विज्ञान ३० मिनिटें. व्यायाम १० मिनिटें आणि मधली सुटी १० मिनिटें. इंग्रजीस एक मिनिटहि नाहीं. वर्षास कामाचे दिवस २८८. शिक्षकास शक्य तर दरमहा २५ रुपये, आणि कोणत्याहि स्थितींत २० पेक्षां कमी नाहींत.

फेब्रुवारी १९३८ मध्यें हरिपुऱ्याच्या कांग्रेसनें ही योजना उचलली, आणि एप्रिलांत हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन होऊन त्याचें ठाणें ह्याच जिल्ह्यांत पडलें.

टकळीवर सूत काढून कसलें शिक्षण होणार, असें तेव्हां पुष्कळांनीं विचारलें. आजहि विचारतात, आणि आमच्या घरांतहि हा प्रश्न त्या उन्हाळ्यांत निघाला. समवाय-पद्धति म्हणजे एका उद्योगाच्या धाग्यांत सारे विषय ओंवणें. कापूस वेंचण्यापासून आरंभ करावा. वेंचणी केव्हां सुरू होते, पाऊस लांबला तर बोंडांचें काय होतें, काळ्या जमिनींत ओल किती दिवस टिकते, हा झाला सृष्टिविज्ञानाचा धडा. मग सरकी काढावयाची, कापूस पिंजावयाचा, पेळू करावयाचे, आणि नंतर टकळी. सूत निघालें कीं मोजणें आलें. चार फुटांची एक तार. १६० तारांची एक लटी. चार लटींची, म्हणजे ६४० तारांची, एक गुंडी. एका रत्तलांत जितक्या गुंड्या बसतील तितका त्या सुताचा अंक. सूत बारीक झालें कीं गुंड्या जास्त बसतात, म्हणून अंक चढतो. जें व्यस्त प्रमाण पुस्तकांतून शिकतांना मूल रडकुंडीस येतें, तें येथें त्याच्या बोटांस आधीं कळतें आणि डोक्यास मागाहून. अर्ध्या तासांत किती तारा झाल्या, किती वेळां सूत तुटलें, किती कापूस वायां गेला, मजुरी किती पडली, हीं सारीं गणितें खरींखुरीं, कारण उत्तर चुकलें तर गुंडीच कमी भरते. आणि वर्ध्याचा कापूस विलायतेस कां जाई व तेथून धोतरजोडी होऊन दुप्पट भावानें परत कां येई, ह्या एका प्रश्नाच्या पोटांत इतिहास, भूगोल आणि अर्थशास्त्र, तिन्ही बसलेलीं आहेत.

विनोबांचा ह्यांत मोठा वांटा होता. ते १९२१ सालींच वर्ध्यास आले होते. नालवाडीस राहून, केवळ सूतकताईच्या मजुरीवर माणूस जगूं शकतो कीं नाहीं ह्याचा प्रयोग त्यांनीं स्वतःच्या देहावर करून पाहिला होता. परिषदेंत टकळीविषयीं ते बोलले तें अशा अनुभवाच्या जोरावर. संस्कृताचा असा व्यासंगी पंडित दिवसाचे तासचे तास टकळी फिरवितो, हें पाहून आपल्या समाजांतील कित्येक वृद्धांस त्या काळीं हंसूं येई. एका दृष्टीनें तें हंसणें चमत्कारिकच म्हटलें पाहिजे, कारण कापसाचें हें शास्त्र आपल्याच घरांच्या माजघरांत नांदत होतें. आमच्या आजीनें एका चातुर्मासांत लक्षवातींचा नेम धरला होता. कापूस निवडून, सरकी काढून, ती दुपारभर वाती वळीत बसे. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत लाख भरावयाच्या तर दिवसास साडेआठशेंच्या घरांत वाती झाल्या पाहिजेत, पाहुणे आले किंवा सोयरसुतक आलें तर मागची बाकी पुढें कशी वांटून घ्यावयाची, हें सारें ती पाटीवांचून करी. शंभरांच्या जुड्या बांधून दहा जुड्यांचा एक डबा, असा तिचा हिशेब. ती एक दिवसहि शाळेंत गेली नव्हती. तिच्या ह्या विद्येस आमच्या घरांत कोणीं विद्या म्हटल्याचें आम्हांस आठवत नाहीं. आजोबा तिला 'अडाणी' म्हणत, तेंहि प्रेमानें.

आमच्या प्रांताचे तेव्हांचे शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल ह्यांनीं आपली 'विद्यामंदिर' योजना काढली. गांवकऱ्यांनीं जमीन दान द्यावी, तिच्या उत्पन्नावर शाळा चालावी, आणि गुरुजींनीं दरमहा पंधरा रुपयांवर काम करावें, असा तिचा ढांचा. शिक्षकांसाठीं एप्रिल १९३८ मध्यें वर्ध्यासच शिक्षणशाळा उघडण्यांत आली. 'मंदिर' ह्या शब्दावरून मुसलमान समाजांत तीव्र नाराजी झाली आणि तें प्रकरण बरेंच चिघळलें. शाळेला साधें 'शाळा' म्हटलें असतें तर काय बिघडलें असतें, असें आम्हांस वाटतें. १९३९ च्या नोव्हेंबरांत मंत्रिमंडळांनीं राजीनामे दिले आणि ही योजना पोरकी झाली.

कागदावरची ही कथा झाली. प्रत्यक्ष शाळेंत काय झालें तें आम्हांस आमच्या एका चुलत आजोबांकडून कळलें. घरांत सारे त्यांस मास्तर-आजोबा म्हणत. त्या काळीं ते एका खेड्याच्या शाळेंत शिक्षक होते. गांवाचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. वरून हुकूम आला, टकळ्यांची पेटी आली. मास्तरांस कांहीं आठवड्यांचें शिक्षण मिळालें. पण पेळू वेळेवर येईनात, आणि आले ते गांठाळलेले. मुलांचें सूत पदोपदीं तुटे. तपासनीस यावयाचे असले कीं आदल्या दिवशीं बाजारांतून बरें सूत आणून कपाटांत मांडावें लागे. उद्योगाच्या तासाला टकळी फिरे खरी, पण तिचा गणिताशीं संबंध कोणीं जोडीना, कारण तो कसा जोडावा हें मास्तरांसच नीट उमगलें नव्हतें. "पूर्वीं पोरें उजळणी ओरडत, आतां टकळी फिरवीत, डोकें दोन्ही वेळां घरीं," असें ते हंसून सांगत.

परंतु त्यांची खरी खंत वेगळी होती, आणि ती त्यांनीं म्हातारपणीं एकदांच बोलून दाखविली. योजनेच्या सभेला गांवचे मालगुजार आले, वकील आले, हार झाले, भाषणें झालीं; आणि त्या साऱ्यांनीं आपलीं मुलें शहरांतल्या हायस्कुलांत धाडलीं. मास्तर-आजोबांनीं स्वतः दुसरें काय केलें? त्यांचे दोघेहि मुलगे नागपुरास आत्याकडे राहून इंग्रजी शिकले. एक पुढें इंजिनियर झाला. एका कुणब्यानें त्यांस तोंडावर विचारलें, "मास्तर, ज्या शाळेंत तुमचा पोरगा बसत नाहीं, तिथं माझा कशाला बसवूं?" त्यांस उत्तर सुचलें नाहीं. हें सांगतांना त्यांच्या डोळ्यांस पाणी आलें होतें, आणि आम्ही लहान असल्यामुळें त्याचा अर्थ आम्हांस तेव्हां कळला नाहीं.

वर्धा-योजना कां फसली ह्याचीं कारणें पुष्कळ सांगितलीं जातात: पैसा नव्हता, शिक्षक तयार नव्हते, खातें उदासीन होतें. तीं खरींच आहेत. पण त्या कुणब्याच्या प्रश्नांत जें आहे तें अहवालांतून सांपडत नाहीं. ज्यांच्या वाडवडिलांनीं पिढ्यान्‌पिढ्या सूत काढलें, कातडें कमावलें, नांगर हांकला, त्यांस शाळा हवी होती ती त्या कष्टांतून सुटण्यासाठीं. त्यांच्या मुलापुढें शाळेनें पुन्हा टकळी ठेविली, आणि शेजारच्या वाड्यांतला मुलगा मात्र इंग्रजीचें पुस्तक काखेंत मारून आगगाडींत बसला, तर ह्यांत डाव आहे असें त्यांस कां वाटूं नये? हाताच्या कामाची खरी गरज होती ती आपल्या घरच्या मुलांस, ज्यांस स्वतःचें ताट उचलण्याचीहि संवय नव्हती. अक्षराची गरज होती ती त्या कुणब्याच्या मुलास. दोघे एका बाकावर बसले असते तर योजनेचें काम झालें असतें. तिच्या कर्त्यांस तें हवेंच होतें. आपण तेवढे बाकावर आलों नाहीं.

सेवाग्रामांत मात्र ही शाळा तिच्या खऱ्या रूपांत चालली, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. १९४० पर्यंत शेगांव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ह्या खेड्यांत सिंहलद्वीपचे तमिळ आर्यनायकम् आणि त्यांच्या बंगाली पत्नी आशादेवी, दोघेंहि शांतिनिकेतनच्या संस्कारांतलीं, तालीमी संघाचा गाडा ओढीत होतीं. शांताबाई नारुळकरांनीं बालवाडीचें म्हणजे पूर्व-बुनियादीचें काम हातीं घेतलें. १९४४ सालीं देवीप्रसाद हे शांतिनिकेतनांत तयार झालेले चित्रकार येथें आले आणि त्यांनीं मुलांच्या हातीं कुंचला दिला. सूत आणि चित्र ह्यांत वैर नाहीं हें त्यांनीं वर्षानुवर्षें दाखवून दिलें. १९४५ च्या जानेवारींतील परिषदेनंतर नई तालीम सात वर्षांपुरती न राहतां पाळण्यापासून म्हातारपणापर्यंतची मानली जाऊं लागली. पण सेवाग्राम हें एक बेट होतें. तेथून बाहेर पडणाऱ्या मुलास विद्यापीठाचें दार सहज उघडत नसे, आणि सरकारी नोकरीच्या जाहिरातींत तर परीक्षेचें प्रमाणपत्र मागत. स्वातंत्र्यानंतर मूलोद्योगी शाळांच्या पाट्या देशभर लागल्या. १९५६ मध्यें सरकारनेंच नेमलेल्या समितीनें त्या पाट्यांच्या मागें काय चाललें आहे ह्याची तपासणी केली, आणि १९५८ च्या पटेल-व्याख्यानांत झाकिर हुसेन ह्यांनीं, ज्यांनीं मूळ अहवाल लिहिला त्यांनींच, जें चाललें आहे ती फसवणूक आहे असें स्पष्ट सांगितलें. पुढच्याच वर्षीं तालीमी संघ सर्व सेवा संघांत विलीन झाला.

इकडे जिल्ह्याच्या शाळांचे धनी बदलत गेले. १९४८ मध्यें जिल्हा कौन्सिल जाऊन जनपद सभा आल्या. १९५६ सालीं जिल्हा मध्यप्रदेशांतून मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्रांत. आणि १ मे १९६२ पासून खेड्यांतील प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेच्या झाल्या. आज आठहि तालुक्यांत गांवोगांव ज्या शाळा दिसतात त्या बहुतेक तिच्याच. १९३७ च्या पहिल्या ठरावांतील मोफत व सक्तीचें शिक्षण सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा हक्क म्हणून कायद्यानें लागू झालें तें १ एप्रिल २०१० रोजीं, बहात्तर वर्षांनीं! २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत निदान पांचवीपर्यंत मातृभाषा आणि सहावीपासून हस्तोद्योगाची ओळख हीं दोन्ही पुन्हा आलीं. सहावी ते आठवीच्या काळांत दहा दिवस दप्तरावांचून शाळेंत यावें असेंहि त्यांत आहे. वर्ध्याची योजना ज्यास माहीत आहे त्यास ह्यांत नवें कांहीं दिसणार नाहीं.

ह्या शाळा ज्यांच्यासाठीं आहेत तींच मुलें तेथून निघून चालल्यामुळें काळजी वाटते. सकाळीं हिंगणघाट किंवा आर्वीच्या वाटेवर उभें राहिलें म्हणजे खेड्यांतून शहराकडे भरभरून जाणाऱ्या पिवळ्या बसगाड्या दिसतात. गांवच्या शाळेंत मग मजुरांचीं, पारध्यांचीं, भूमिहीनांचीं मुलें उरतात. पट वीसच्या खालीं येतो. दोन शिक्षकांवर पांच वर्गांचा भार पडतो. २०२३ मध्यें सरकारनें अशा लहान शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचा विचार पुढें मांडला, तेव्हां त्यावर बराच गदारोळ झाला. मोठी शाळा सोयीची असेलहि; पण नाल्यापलीकडच्या पोडावरची सात वर्षांची मुलगी पावसाळ्यांत तेथें जाणार कशी, हा प्रश्न ज्यांनीं नाला पाहिला आहे त्यांस विचारावा लागत नाहीं. पट कां घटला ह्याचें उत्तर मात्र सरकारी कचेरींत शोधून भागणार नाहीं. आधीं वाड्यांतलीं मुलें गेलीं, मग दुकानदारांचीं, मग मास्तरांचीं, आणि आतां ज्याला महिन्याची फी कशीबशी झेपते त्याचींहि चाललीं आहेत. प्रत्येक जण पुढच्याकडे पाहून गेला. त्या रांगेच्या अगदीं तोंडाशीं कोण होतें तें आम्हीं वर सांगितलेंच आहे.

जूनच्या अखेरीस आम्ही तिघे, थोरले बंधु, मुलीची आई आणि आम्ही, सेवाग्रामास गेलों. तेथील जुन्या आवारांत नई तालीम समितीनें २००५ सालीं 'आनंद निकेतन' ही शाळा पुन्हां सुरू केली आहे. माध्यम मराठी. गेलों तेव्हां मुलें भाजीच्या वाफ्यांत होतीं. एक मुलगा दोरीनें वाफा मापीत होता, दोन मुली वहींत लिहून घेत होत्या. पुतण्याच्या बायकोनें त्यांतल्या एकीस विचारलें, "ह्याचा उपयोग काय ग?" मुलगी म्हणाली, "बी किती लागेल तें कळतं," आणि पुन्हां लिहूं लागली. तिला ह्यापेक्षां मोठें उत्तर देण्याची गरज वाटली नाहीं. स्वयंपाकघरांत मुलगे भाजी चिरीत होते, हें पाहून आमच्या बंधूंस विशेष आनंद झाला. त्यांनीं स्वतः आयुष्यांत भाजी चिरलेली नाहीं, हें त्यांच्या सुनेनें परततांना वाटेंत त्यांस सांगितलेंच.

शाळेविषयीं आम्ही भाबडेपणानें लिहीत नाहीं. एका शाळेनें जिल्हा तरत नाहीं, आणि इंग्रजी न शिकतां आजच्या जगांत मुलीचें चालेल असेंहि आम्हांस वाटत नाहीं. तेथेंहि तिला इंग्रजी शिकवितातच. पण ह्या जिल्ह्यांत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत कापसाच्या भावानें आणि कर्जानें किती घरें बसलीं तें आपण पाहिलें आहे. बियाण्याचा, खताचा, औषधाचा खर्च किती, क्विंटलामागें पडलें किती, आणि व्याजांत गेलें किती, हा हिशेब येथल्या मुलास आला पाहिजे. शेतकऱ्याच्या मुलास तो हवा तसा सावकाराच्या नातवासहि हवा, आणि सरकारी कचेरींत बसून कर्जाच्या कागदावर सही करणाऱ्याच्या मुलास तर अधिकच हवा. तो हिशेब आज कोणत्याहि इंग्रजी शाळेच्या पुस्तकांत आम्हांस आढळला नाहीं.

घरीं आल्यावर पुन्हां चर्चा झाली. मुलीच्या आईचा विरोध मावळला असें म्हणवत नाहीं. तिनें एकच विचारलें, आणि तें आम्हांस खोडतां आलें नाहीं: "हिला तिथं घातलं, आणि दहावीनंतर ती मागं पडली, तर तुम्ही काय कराल?" थोरल्या वहिनी म्हणाल्या, "आपण सारे घरीं आहोंत कीं. इंग्रजी आपण शिकवूं." ह्यावर बंधूंनीं 'कोण शिकवणार?' म्हणून विचारलें आणि सारें घर त्यांच्याकडेच पाहूं लागलें. तेव्हांपासून ते रोज सकाळीं अर्धा तास छोटीला घेऊन बसतात. दोन शाळांचे दोन अर्ज भरून तयार आहेत आणि दोन्ही अजून फडताळावरच आहेत. ह्या सोमवारीं त्यांतला एक जाईल. छोटीला ह्यांतलें कांहींच ठाऊक नाहीं. सेवाग्रामाहून आणलेली टकळी तिनें आजींच्या वातींच्या डब्यांत ठेवून दिली आहे, आणि सूत सारखें तुटतें म्हणून रोज कोणाकोणाशीं भांडते.